उल्काची चेष्टा

त्या वर्षी लखनौत खरं म्हणजे एकच सिनेमा चालला. बाकीचे आले, पोस्टरं लावून गेले. हा मात्र दिवाळीला लागला तो संक्रांत आली तरी हजरतगंजातल्या थिएटरातून हलायला तयार नव्हता. बनारसच्या एका संस्कृतच्या मास्तरांचा उनाड मुलगा, त्याची भोळी आई, सात गाणी आणि शेवटी एक रेल्वे स्टेशन, असा सगळा मसाला. मुलगा सिनेमाभर आईच्या नकला करतो, तिच्या चालण्याच्या, बोलण्याच्या, देवापुढे पुटपुटण्याच्या. मग तो मुंबईला जातो, आई आजारी पडते, आणि तो येणार म्हणून स्टेशनावर जाऊन बसते. गाडी येते तेव्हा ती बाकावर बसल्या बसल्याच गेलेली असते. तो तिच्या मांडीवर डोकं ठेवतो आणि म्हणतो, "मैंने बहुत चेष्टा की, माँ."

उल्काने हा सिनेमा चार वेळा पाहिला आणि चारही वेळा या वाक्याला ती ओक्साबोक्शी रडली. एकदा तर पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून आपला रुमाल दिला.

तिच्या रडण्याला कारण होतं. तिची आई मिरजेची, सिनेमाची वेडी. शिनेमा म्हणायची. हिरोईनच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधी आईचा पदर भिजायचा. कॉलेजात गेलेली उल्का घरी आली की मैत्रिणींना गोळा करून तिची नक्कल करायची, "अगं बया, लेकरू गं," असं म्हणत नाक पुसायची. मैत्रिणी लोळायच्या. आईसुद्धा हसायची, पण उठून आत जायची. पुढे उल्काचं लग्न झालं, नवरा सुधीर लखनौच्या संशोधन संस्थेत लागला, आणि दोन वर्षांपूर्वी मिरजेहून तार आली तेव्हा गाड्या बदलत पोहोचायला दोन रात्री लागल्या. दारात बूट-चपलांचा ढीग होता आणि सगळं आटोपलं होतं.

म्हणून तो मुलगा जेव्हा म्हणाला की मी फार चेष्टा केली, आई, तेव्हा उल्काला वाटलं, जे तिला कुणालाच सांगता आलं नव्हतं ते हा मुलगा तिच्या वतीने सांगतोय. चाळीस फूट पडद्यावर, भर लोकांत, तो माफी मागतोय.

आता हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे तिला कुणी सांगायचं? ती राहायची त्या विकास नगरमधला भाजीवाला कोशिश म्हणतो, गॅसवाला कोशिश म्हणतो, शाळेतली मास्तरीणसुद्धा कोशिश म्हणते. सहा वर्षांत या शहरात एका माणसाने तिच्यासमोर चेष्टा हा शब्द उच्चारला नव्हता. तो मुलगा फक्त एवढंच म्हणत होता की, आई, मी वेळेवर पोहोचायचा फार प्रयत्न केला.

हे तिला सांगितलं डॉक्टरांनी.

डॉक्टर म्हणजे डॉ. हेमचंद्र. सुधीरच्या विभागाचे प्रमुख, मराठी मंडळाचे अध्यक्ष, आणि मंडळाच्या मते शहरातला सिनेमा कळणारा एकमेव मराठी माणूस. पुण्यात शिकताना ते फिल्म सोसायटीत जायचे आणि हे त्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत कुणाला विसरू दिलं नव्हतं. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात उल्का आपल्या मैत्रिणीला, छावणीत राहणाऱ्या मेजरसाहेबांच्या बायकोला, कांचनला सांगत होती की शेवटी तो कसा कबूल करतो बघ, मी तुझी फार चेष्टा केली म्हणून. डॉक्टर हातात चहाचा पेला घेऊन मागे उभे होते. त्यांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. अगदी प्रेमाने. तिला वाटलं, डॉक्टरांनाही आवडलेलं दिसतंय. तिने पुन्हा सांगितलं, आणि भाबडेपणाने रुमालाची हकिकतही सांगितली.

डॉक्टरांनी पेल्यावर चमचा वाजवला. टण टण टण. पन्नास-साठ माणसं गप्प झाली. मग त्यांनी उल्कावहिनींच्या रडण्याचा किस्सा सगळ्यांना ऐकवला, चेष्टा शब्दाचे दोन्ही अर्थ फोड करून सांगितले, तिच्या आवाजात ते वाक्य म्हणून दाखवलं आणि वर म्हणाले, "लोकप्रिय सिनेमा म्हणजे दुसरं काय असतं? न समजता रडलेल्या लोकांची बेरीज." शिवाय त्या स्टेशनावर एकच हमाल तीच ट्रंक घेऊन तीन वेळा जातो, हेही त्यांनी सांगितलं. सिनेमा त्यांनी एकदाच पाहिला होता, शत्रूचा अभ्यास म्हणून.

लोक हसले. कांचन हसली आणि मग तोंडावर हात ठेवला. सुधीर हसला, आणि त्याने तोंडावर हातही ठेवला नाही. त्याचा वार्षिक अहवाल डॉक्टरांच्या टेबलावर होता हे खरं, पण तो अहवालासाठी हसला नाही, त्याला खरंच हसू आलं. उल्काने ते ओळखलं. तीही हसली, कारण तिळगुळाची वाटी हातात घेऊन दुसरं करणार काय.

त्यानंतर तो शब्द घरात राहायलाच आला. नऊ वर्षांच्या रुचाचं गणित चुकलं की ती हात जोडून म्हणायची, "मैंने बहुत चेष्टा की, माँ." घरी मराठी ऐकून हिंदीत उत्तर देणारी पोर ती, तिच्या दृष्टीने हा नुसता गमतीचा खेळ. सुधीरला बाजारात कढीपत्ता मिळाला नाही की तोही तेच म्हणायचा. संस्थेच्या क्वार्टर्समध्ये, बसच्या स्टॉपवर, हळदीकुंकवाला, कुणी ना कुणी म्हणायचंच. उल्का हसत राहिली. आतून मात्र ती जळत होती.

पाचव्यांदा ती कांचनला घेऊन दुपारच्या खेळाला गेली. मुद्दाम गेली. एक चावट माणूस चार शब्द बोलला म्हणून आपला सिनेमा थोडाच जातो, असं तिने स्वतःला बजावलं होतं. स्टेशन आलं. मुलगा धावत आला. तिला हमाल दिसला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, तीच हिरवी ट्रंक. मुलाच्या गालावरचं पाणी डोळ्यांतून न येता भुवईखालून येतंय हेही दिसलं. तो बोलायला लागला आणि तिला ऐकू आलं टण टण टण. आजूबाजूला सगळं थिएटर हुंदके देत होतं आणि उल्काचे डोळे कोरडे ठणठणीत. कांचनने अंधारात तिचा हात धरला, तेव्हा तिने तो सोडवून घेतला.

रिक्षात बसल्यावर तिला कळलं की तिची आई दुसऱ्यांदा गेली. पहिल्यांदा तिला पोहोचायला उशीर झाला होता. या वेळी कुणीतरी तिच्यासमोर, चहाचा पेला हातात घेऊन, नेली होती.

त्याच रिक्षात तिने ठरवलं की डॉक्टरांचाही एक सिनेमा असेलच. तो शोधायचा.

शोधावा लागलाच नाही. अख्ख्या मंडळाला तो पाठ होता. अवधी बोलीतला, काळापांढरा, जुना, दुष्काळात अडकलेल्या एका म्हातारीचा. डॉक्टरांनी तो विद्यार्थीदशेत पुण्यात पाहिला होता आणि दिल्लीतल्या कुणा मित्राकडून त्याची कॅसेट मिळवली होती. दर गणपतीत मंडळात भाड्याचा टीव्ही आणून ते तो सिनेमा दाखवायचे आणि नंतर अर्धा तास बोलायचे. त्यांच्या भाषणाचं नावच 'एकच जून' असं होतं. सिनेमाच्या शेवटी म्हातारी दारात बसलेली असते, मांडीवर वेलावरच वाळलेला एक दोडका. शेजारीण विचारते, कसं चाललंय. म्हातारी म्हणते, "अब तौ एकै जून रहि गवा." आणि सिनेमा संपतो. डॉक्टर सांगायचे, बघा, कोवळं सगळं संपलं, आता एकच जून उरलं आहे. दोडक्याबद्दल बोलता बोलता ती स्वतःबद्दल बोलते. अवघ्या भारतीय सिनेमात असं वाक्य नाही. हे सांगताना दर वर्षी त्यांचा आवाज थोडा कापायचा. मंडळी घड्याळं बघायची आणि प्रसादाची वाट पाहायची.

उल्का मार्चमध्ये त्यांच्या घरी गेली आणि म्हणाली, "डॉक्टर, मला चांगला सिनेमा समजून घ्यायचाय. कॅसेट द्याल का?" डॉक्टर विरघळले. असं त्यांना पंचवीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. कॅसेट टॉवेलमध्ये गुंडाळून आणून दिली ती त्यांच्या बायकोने, सरलाकाकूंनी. दाराशी येऊन त्या हळूच म्हणाल्या की जपून वापर हो, यांचा जीव आहे त्यात. यांची आई वाईजवळच्या खेड्यात एकटीच राहायची, इकडे यायला तयार नव्हती, आणि गेली तीही एकटीच. तिच्यासाठी कधी रडले नाहीत, पण तो सिनेमा लागला की मी खोलीत जात नाही.

उल्का पायरीवर थबकली. त्यांचीही आईच होती म्हणायची. क्षणभर तिला वाटलं, परत द्यावी कॅसेट. मग घरी आली तर रुचाच्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं होतं आणि रुचाने हात जोडले होते. उल्काने पातेलं उचललं, ओटा पुसला आणि कॅसेट लावली.

तिने तो सिनेमा महिन्याभरात अकरा वेळा पाहिला. त्यात काहीतरी चूक सापडलीच पाहिजे होती. एखादं घड्याळ, एखादी विजेची तार, तीन वेळा जाणारा हमाल. काही सापडेना. सिनेमा कंटाळवाणा होता पण चोख होता, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

सापडलं ते कामाला येणाऱ्या रामदुलारीला. ती बाराबंकीकडची, पन्नाशीची बाई. फरशी पुसता पुसता बोली ओळखीची वाटली म्हणून ती दारात उकिडवी बसली आणि शेवटपर्यंत हलली नाही. म्हातारी ते वाक्य बोलली तशी रामदुलारी चुकचुकली आणि म्हणाली, बेचारी एकै जून खात है.

"जून म्हणजे काय?" उल्काने विचारलं.

रामदुलारीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू पाणी म्हणजे काय असंच कुणी विचारलंय. जून म्हणजे वेळ. माणूस दोन जून खातो, सकाळी आणि संध्याकाळी. दुष्काळात एकदाच. म्हातारी सांगतेय की आता एकाच वेळेला जेवते मी. दोडक्याचा काय संबंध? दोडका तिने शिजवायला घेतला असेल.

उल्का हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दो जून की रोटी! हिंदीच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल असा शब्द. डॉक्टरांनीही तो कुठंतरी वाचला असणार, पण पुण्यात एक शब्दही हिंदी येत नसताना मनात बसलेला अर्थ त्यांनी पुन्हा उघडून पाहिला नव्हता. मराठी दोडका जून झाला होता आणि त्यावर पंचवीस वर्षं भाषण चाललं होतं.

रामदुलारी मात्र अजून टीव्हीकडेच बघत होती. मग म्हणाली, जून दिवसाचाही असतो, बहूजी. सकाळचा एक, संध्याकाळचा एक. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका असंच म्हणतात, आता एकच जून राहिला, सांजेचा. ती जेवणाचंही बोलली असेल आणि स्वतःचंही. अशा बाया दोन्ही एकदम बोलतात.

उल्का हसायची थांबली. म्हणजे डॉक्टर वाट चुकून का होईना, बरोबर दाराशी पोहोचले होते. हे अर्धं तिने ऐकलं, नीट लक्षात ठेवलं आणि पदराच्या गाठीला बांधलं. ते कुणाला द्यायचं नव्हतं.

गणपती येईपर्यंत ती थांबली. आठ महिने झाले होते संक्रांतीला. कार्यक्रमाच्या दिवशी चहाच्या मदतीला म्हणून तिने रामदुलारीला बरोबर नेलं. सिनेमा झाला, दिवे लागले, डॉक्टर बोलले, त्यांचा आवाज नेहमीच्या जागी कापला. टाळ्या पडल्या. मग उल्का उठली आणि शेजारच्या टेबलावरचा पेला घेऊन त्यावर चमचा वाजवला. टण टण टण.

ती अतिशय नम्रपणे म्हणाली की माझी हिंदी कच्ची, हे तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे, म्हणून एक शंका विचारते. जून शब्दाचा अर्थ आपण या भागातल्या माणसालाच विचारावा का? डॉक्टर हसत म्हणाले, अवश्य. तिने रामदुलारीला पुढे बोलावलं.

रामदुलारीने हात पदराला पुसले. "जून माने खाए का टेम, बाबूजी. दुइ जून की रोटी नाहीं सुने? बुढ़िया एकै जून खात है."

मेजरसाहेबांनी 'दोडका' एवढाच शब्द उच्चारला आणि सभागृह फुटलं. लोक पंचवीस वर्षांचं हसले. जितक्या गणपतींना प्रसादासाठी ताटकळले होते तितकं हसले. सुधीरला हसावं की नाही कळेना, आणि त्याचे ते हाल बघून उल्काला गार गार वाटलं.

"औ जून माने..." रामदुलारी पुढे बोलायला लागली होती.

"बस, झालं," उल्का म्हणाली. "चहा घ्या सगळ्यांनी."

डॉक्टर हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. कॅसेट काढायला वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. सरलाकाकू त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिथूनच उल्काकडे पाहिलं. उल्काने नजर हटवली नाही.

घरी रिक्षातून उतरताना रामदुलारीने विचारलं की बहूजी, पूरी बात क्यों नहीं कहने दीं. उल्का म्हणाली, उशीर झाला होता.

आता नवा शब्द निघाला. डॉक्टरांनी डबा उघडला की कुणीतरी विचारायचं, काय डॉक्टर, एक जून की दोन? त्यांनी मंडळात येणं कमी केलं. दिवाळीच्या फराळाला ते आलेच नाहीत. चेष्टा शब्द मागे पडला, रुचासुद्धा तो विसरली. सूड इतका गोड असतो हे उल्काला तोवर माहीत नव्हतं. ती रात्री शांत झोपू लागली. फक्त आपल्या सिनेमाचं काय करायचं ते कळत नव्हतं. तो अजूनही पुन्हा तिचा झाला नव्हता.

नोव्हेंबरात एका दुपारी बेल वाजली. दारात डॉक्टर होते, अंगात स्वेटर, हातात काही नाही. ती बसा म्हणाली नाही आणि तेही आत आले नाहीत.

"तुम्ही सांगितलेला अर्थ बरोबर आहे, वहिनी," ते म्हणाले. "माझी आईही एकदाच जेवायची. मी शिकत होतो तेव्हापासून. विचारलं की म्हणायची, एकभुक्त आहे, व्रत आहे. मी ते खरं धरलं. मला वाटायचं, ती जून आहे, चिवट आहे, तिला काही होत नाही. ती उपाशी होती."

उल्काला वाटलं होतं आपण त्यांचा सिनेमा फोडला. आपण त्यांना तो पहिल्यांदाच दाखवला होता.

डॉक्टर पायपुसण्याकडे बघत म्हणाले, "मी फार चेष्टा केली."

"हिंदीत की मराठीत?"

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. "मराठीत," ते म्हणाले.

तिने मान हलवली. डॉक्टर दोन पायऱ्या उतरले आणि वळले. त्यांनी विचारलं की त्या दिवशी ती बाई आणखी काही सांगत होती का, तुम्ही तिला थांबवलंत असं वाटलं. विचारताना त्यांचा आवाज त्याच जागी कापला, जिथे दर गणपतीत कापायचा.

"नाही," उल्का म्हणाली. "चहाचं विचारत होती."

स्टेशनाचा तो सिनेमा पुन्हा लागला होता, अलीगंजकडच्या एका साध्या थिएटरात, दुपारच्या खेळाला. दुसऱ्याच दिवशी ती गेली. एकटी. स्टेशन आलं, हमाल आला, गेला, आला, गेला. मुलगा आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाला, मैंने बहुत चेष्टा की, माँ, आणि उल्काला ते थेट मराठीत ऐकू आलं, आदल्या दिवशीच्या त्या कापऱ्या, म्हाताऱ्या आवाजात. आईचा भिजलेला पदर दिसला. हसत हसत उठून आत गेलेली पाठ दिसली. ती रडली, नाक पुसत, शिनेमा म्हणणाऱ्या बाईच्या लेकीसारखी रडली, आणि दिवे लागले तरी तिला उठवेना.

बाहेर ऊन होतं. रिक्षावाल्याने कहाँ चलें विचारलं. डॉक्टर राहायचे ते संस्थेचे क्वार्टर्स वाटेवरच होते. दार वाजवून एक वाक्य सांगायचं, सांजेचा जून, बस. डॉक्टरांना त्यांची म्हातारी थोडी तरी परत मिळाली असती. तिने तोंड उघडलं. मग मनातल्या मनात महिने मोजले आणि रिक्षावाल्याला सांगितलं, विकास नगर.

तिचे आठ महिने गेले होते. त्यांचे अजून दोनच झाले होते.